बांधावरच्या सिस्टर

सिस्टरांच्या दवाखान्यात शिरायचं तर पायरीशी आधी हात धुवावे लागत. ताप असो, गळू असो, नाहीतर नुसती चौकशी असो, बादलीतलं पाणी आणि साबणाची वडी कोणाला चुकली नाही. धुतलेले हात सिस्टरांपुढे धरायचे. त्या वाकून वास घ्यायच्या आणि पुष्कळदा म्हणायच्या, "बोंबील हाय अजून. परत जा."

एकदा गावचे पाटील मानेवरचं करट दाखवायला आले आणि तसेच आत चालू लागले. सिस्टरनी छत्री आडवी धरली.

"मी काय मासे विकतो का?" पाटील गुरगुरले.

"तू तंबाखू मळतोस, बाबा. त्यो माशापेक्षा वाईट."

पाटलांनी हात धुतले. या बाईंना ते तेव्हापासून जरा दबून असत आणि म्हणूनच त्यांच्यावर डूख धरून असत.

सिस्टर सगळ्यांनाच 'तू' म्हणत. त्यांचं घर मंगळूरकडे, बोली कोंकणी, आणि मराठी त्या शिकल्या दवाखान्याच्या बाकावर, कोळणी-आगरणींच्या तोंडून. त्यामुळे 'हाय' आणि 'न्हाय' त्यांना अस्खलित येई, 'आपण' हा शब्द मात्र त्यांच्या कानावरच पडला नव्हता. मामलेदार पाहणीला आले तेव्हा सिस्टरनी विचारलं, "कवा आलास तू? बस. जेवलास काय?" साहेबांचा चेहरा आधी लाल झाला. मग ते बसले. आणि खरंच जेवले नव्हते म्हणून वाटीभर पेजही प्याले.

मी त्या खाडीकाठच्या गावात आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. कुलाबा जिल्ह्यातली लोकल बोर्डाची शाळा, मी पेणची, वय तेवीस, लग्न झालेलं नाही. एकट्या मास्तरणीला खोली द्यायला गावात कोणी तयार होईना. सिस्टरनी दवाखान्याच्या मागची कौलारू खोली झाडून दिली. पुढच्या दोन खोल्यांत त्या आणि स्वयंपाक करणाऱ्या एक वयस्कर सिस्टर राहत. ही दुसरी सिस्टर दिवसाकाठी चार वाक्यं बोले, त्यातली तीन मिठाबद्दल असत.

आईचं पहिलंच पत्र आलं: 'गळ्यात क्रूस घालून आलीस तर उंबऱ्याच्या आत घेणार नाही.' मी ते सिस्टरना वाचून दाखवलं. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "आईला लिही, टीचर, क्रूस आमच्याकडे मोजके हाईत. उगीच कुनाला देत न्हाय." आणि खरोखर, त्या गावात मी पंधरा वर्षं काढली, पण मला किंवा कोणाला त्यांनी धर्माबद्दल एक शब्द सांगितला नाही. स्वतः मात्र चालताना अखंड माळ ओढायच्या. मध्येच बकरी कुंपणात शिरली की "हाड!" म्हणायच्या आणि पुढच्या मण्यापासून प्रार्थना चालू करायच्या.

त्यांच्या दोन गोष्टींना मी शेवटपर्यंत सरावले नाही. एक म्हणजे औषध. रोग्याचा औषधावर विश्वास बसावा म्हणून त्याच्या बाटलीतला एक चमचा त्या आधी स्वतः घ्यायच्या. हिवतापाच्या दिवसांत असे वीस-पंचवीस कडू चमचे रोज पोटात जात. संध्याकाळी त्यांना कशाचीच चव लागत नसे, म्हणून तर दुसऱ्या सिस्टर मिठाची चौकशी करून करून थकत.

दुसरी गोष्ट गजराची. मनगटी घड्याळ त्यांच्याजवळ नव्हतं. झग्याच्या खोल खिशात रुमालात गुंडाळलेलं गजराचं घड्याळ असे. नाडी त्यावर, बाळंतीण किती वेळ कळा देते ते त्यावर, आणि प्रार्थनेच्या वेळाही त्यावरच. मध्येच कधीही त्यांच्या अंगातून घणघणाट सुरू होई. नवा रोगी दचकून उभा राही; जुने रोगी म्हणत, "बस रे, शिस्टरबाय वाजली."

दुसऱ्या वर्षी, थंडी सरता सरता, ती गोष्ट घडली.

ओहोटीला आमच्या गावच्या बायका खाडीच्या मधल्या गाळात खुबे, म्हणजे खाण्याचे शिंपले, वेचायला जात. गाळ आणि गाव यांच्यामध्ये पाण्याचा एक खोल पट्टा होता. ओहोटीला तो गुडघाभर, भरती लागली की पुरुषभर. त्या दिवशी ठकूबायची धाकटी जाऊ टोपली भरण्याच्या नादात मागे राहिली. बाकीच्या पळत आल्या. तिला पट्ट्याने गाठलं.

फळीवर घालून तिला दवाखान्यात आणलं. सिस्टरनी तासभर तिच्या छातीवर आणि पाठीवर दाब देऊन पाहिला. पलीकडे उभी होती ठकूबाय, गावातली सगळ्यात उंच आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची कोळीण, आणि तिचा आवाज फुटत नव्हता. शेवटी सिस्टर उठल्या, चादर ओढली आणि विचारलं, "हिला पोहाया येत नव्हता?"

"बायकांना कोन शिकवतंय, शिस्टरबाय?" ठकूबाय म्हणाली. "बापये पवतात. आमी चिखलान जातंव, नि पानी आला की पलतंव."

 तिसऱ्या दिवशी सिस्टर शाळेत आल्या आणि रस्सीखेचीचा दोर मागितला.

"कशाला?"

"पोहाया शिकवायला."

"कोणाला?"

"तुला धरून सगल्यांना," त्या म्हणाल्या. मला विहिरीत डोकावलं तरी गरगरायचं.

खारजमिनीच्या बांधाआड खाऱ्या पाण्याचं एक तळं होतं, मध्यभागी सोडलं तर छातीइतकंच खोल. तिन्ही बाजूंना तिवरांची दाटी, त्यामुळे आडोसाही होता. रविवारी दुपारी बापयांना तिकडे फिरकायची बंदी झाली. लुगड्याचा कासोटा घट्ट मारायचा, पाठीला दोन असोले नारळ बांधायचे, कमरेला शाळेचा दोर. दोराचं दुसरं टोक बांधावरच्या दोन बायकांच्या हातात. आणि बांधाच्या टोकावर, पांढऱ्या झग्यात, काळी छत्री उघडून, सिस्टर.

"हनुवटी वर! पाय मार! गुडघ्यातून न्हाय, मांडीतून! बेडूक बघितला न्हायस कधी?"

हात कसे मारायचे हे त्या दवाखान्यात दाखवत. बाकावर पालथ्या पडायच्या आणि झग्याच्या बाह्या फडफडवत हवा कापायच्या. त्यांचं एकेक मारणं असं रेखीव की पाहत राहावं. पाटलांची सून औषधाला आली ती ते बघून दारातच थबकली, आणि पुढच्या रविवारी सासऱ्याला न सांगता तळ्यावर आली.

ठकूबाय पहिल्या महिन्यातच नारळ सोडून मोकळी पोहू लागली. पोरी तर आठवड्यात शिकल्या. वर्गातली ढ विद्यार्थिनी मी. पाणी नाकात गेलं की मी दोर ओढून किंचाळायची, आणि माझ्याच शाळेतल्या पोरी बांधावर बसून हसायच्या. सिस्टर हसत नसत. "टीचर," त्या म्हणायच्या, "तू पाण्याशी भांडतेस. भांडू नको. त्याच्यावर बस, पाटावर बसल्यासारखी." मला साडेपाच महिने लागले. ज्या दिवशी मी एकटी तळं ओलांडून गेले त्या दिवशी सिस्टरनी बांधावर छत्री मिटून तीनदा जमिनीवर आपटली. त्यांची टाळी वाजवायची रीत ती.

मग पाटलांना सुनेचं कळलं.

चावडीवर बैठक बसली. पाटलांचं म्हणणं साधं होतं: ही बाई आपल्या बायकांना पाण्यात बुडवते आणि बुडवून बाटवते. "यांच्यात पाण्यात घालूनच ख्रिस्ती करतात, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे!"

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "बाबा, त्याला चार थेंब लागतात. तळं लागत न्हाय. आणि बाटवायचं असतं तर मी हात-पाय मारायला कशाला शिकवलं असतं?"

लोक हसले. पाटील हसले नाहीत. "बायकांनी पोहायचं कशाला, ते सांगा."

यावर ठकूबाय मागून उठली. "माजे जावंची पोर दोन वर्सांची हाय, पाटील. तिला काय सांगू? तुजी आय कशान गेली?"

बैठक मोडली. पण पाटलांनी मुंबईला सिस्टरांच्या मठप्रमुख मदरना पत्र घातलं, आणि पंधरा दिवसांत मदर स्वतः आल्या.

मदर वांद्र्याच्या, उंच, काटक, चष्म्याच्या काचा जाड. मराठी शाळेत वर्षानुवर्षं शिकवून वरच्या पदाला पोचलेल्या. गावकऱ्यांसमोर मराठीतच बोलायचं असा त्यांचा दंडक होता, त्यामुळे पुढचं सगळं आम्हाला समजलं. त्यांनी दवाखाना पाहिला, हात धुतले, सिस्टरांच्या वह्या पाहिल्या. तळं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हाला इथे दवाखान्यासाठी पाठवलं होतं. गावात तंटा नको. पोहण्याचा वर्ग आजपासून बंद. पुढच्या महिन्यात तुमची मुंबईला बदली करते."

"होय, मदर," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या तोंडून इतकं छोटं उत्तर मी प्रथमच ऐकलं.

बायका जमल्या, विनवण्या झाल्या. मदरनी सगळ्यांचं नीट ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. अलिबागची एसटी पलीकडच्या काठाला मिळायची. साडेअकराच्या सुमारास मदरना पोचवायला आम्ही इब्राहीमचाचांच्या होडीत बसलो: मदर, सिस्टर, ठकूबाय, आणखी दोघी कोळणी आणि मी. बायका रागावल्या होत्या तरी पाहुणीला रिकामी कशी पाठवणार? होडीत तांदळाचं पोतं, नारळ आणि दोन कोंबड्याही चढल्या. काठावर पाटील निरोपाला उभे. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

होडी खाडीच्या मध्यावर आली.  आणि सिस्टर वाजल्या.

बाराचा गजर. रविवार होता, आणि रविवारी बाराची प्रार्थना उभं राहून म्हणायची. सिस्टर उभ्या राहिल्या. वर्षानुवर्षांच्या सवयीने मदरही उभ्या राहिल्या.

"या अल्ला! बसा, बसा गो!" इब्राहीमचाचा ओरडले.

होडी एका अंगाला कलली, पोतं घसरलं, आणि आम्ही सगळे पाण्यात.

डोक्यावरून पाणी गेलं तेव्हा मला काहीच सुचलं नाही. मग आपोआप मांड्या हलल्या, हनुवटी वर गेली आणि मी श्वास घेतला. आजूबाजूला पाहिलं. दोघी कोळणींनी मदरना दोन काखांत धरलं होतं. चाचा उलट्या होडीला चिकटून कोंबड्यांना शिव्या देत होते. सिस्टर दिसेनात. मग त्यांचा पांढरा झगा फुगून वर आला, पाणी प्याला आणि खाली जाऊ लागला.

"शिस्टरबाय पवत न्हाय!" ठकूबाय किंचाळली आणि तिकडे झेपावली.

तिने आधी डोक्यावरचं वस्त्र धरलं. ते हातात आलं. खाली करड्या, बारीक कापलेल्या केसांचं डोकं. मग तिने कमरेचा गोफ पकडला, सिस्टरना उताणं केलं आणि ओढत निघाली. मी दुसऱ्या बाजूने खांद्याला हात दिला. सिस्टरांच्या नाकातोंडातून पाणी येत होतं, डोळे घट्ट मिटलेले, पण जरा श्वास सापडला तशी पहिली गोष्ट त्या बोलल्या ती अशी:

"ठकू, गुडघे... गुडघे वाकवतेस. मांडीतून मार."

"गप ऱ्हा गो, शिस्टरबाय!" ठकूबाय रडत रडत ओरडली.

भरती गावाकडेच येत होती, म्हणून आम्ही निघालो तोच काठ गाठला. पाटील गुडघाभर पाण्यात उतरले होते. त्यांनी मदरना हात दिला. तांदूळ गेला, नारळ तरंगले, कोंबड्या इतक्या ओल्या आणि चिडलेल्या होत्या की कोणी जवळ जाईना. पण माणसं सगळी होती. ठकूबायने तीन वेळा मोजली.

मदर चिखलात बसल्या होत्या. चष्मा गेलेला. डोळे बारीक करून त्यांनी सिस्टरांकडे पाहिलं.

"सिस्टर, तुम्हाला पोहता येत नाही?"

"न्हाय, मदर."

"मग दीड वर्ष या बायकांना शिकवलंत काय?"

"पोहणं, मदर."

कोणीतरी खिदळलं. मदरनी विचारलं, "तुम्ही कुठे शिकलात हे?"

"घरासमोर नदी होती. मला सा भाऊ. ते पोहायचे." सिस्टरनी नाक पुसलं. "मी काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायची. धा वर्षं सांभाळले. बघून बघून सगलं पाठ झालं."

 दीड वर्षात आमच्यापैकी एकीलाही प्रश्न पडला नव्हता, की या बाई पाण्यात का उतरत नाहीत. झगा भिजेल म्हणून, असं आम्ही धरून चाललो होतो. ठकूबायने आपल्या ओल्या पदराने सिस्टरांचे केस पुसले, आईने पोरीचे पुसावेत तसे.

मदर दोन दिवस राहिल्या, कारण त्यांचे कपडे वाळायला तेवढा वेळ लागला. ते दोन दिवस त्या ठकूबायच्या नऊवारीत होत्या. चष्म्याशिवाय आणि कासोट्यात त्या अगदी आमच्या गावच्या दिसत. पहिल्या संध्याकाळी त्यांनी तळं पाहिलं. पाटलांची सून तळं ओलांडून आली तेव्हा त्यांनी तिचं नाव विचारलं. बांधाच्या अलीकडे पाटील उभे होते. ते म्हणाले, "दोराला गाठी फार झाल्यात. नवा आणून देतो." क्षमा मागण्याचा त्यांचा प्रकार तो.

निघताना मदर गावासमोर म्हणाल्या, "मी तीस वर्षं शिक्षिका होते. शिकवणाऱ्याला विषय यायलाच हवा. सिस्टर, तुम्ही आधी पोहायला शिका. शिकणं पुरं होईपर्यंत तुमची बदली करता येणार नाही. प्रगती कशी आहे ते वर्षातून एकदा कळवत चला."

पहिल्या धड्याला सिस्टर बांधावरून पाण्यात उतरल्या. ठकूबायचंच लुगडं नेसलेल्या, पाठीला दोन नारळ. मी त्यांच्या पोटाखाली हात धरला होता. बांधावर शाळेतल्या पोरी छत्री उघडून ओरडत होत्या, "मांडीतून!" सिस्टर जरा रागावल्या, जरा हसल्या, आणि हसता हसता पाणी प्यायल्या. पण बघून पाठ झालेलं अंगात उतरायला वेळ लागला नाही. दुसरा महिना संपायच्या आत त्या तळ्याच्या मधोमध, अगदी एकट्या, संथ आणि रेखीव हात मारत होत्या. वयाच्या पंचेचाळिशीत. बांधावरच्या सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या.

वर्ष सरलं. मदरना पत्र लिहायची वेळ आली. सिस्टरांचं अक्षर खुद्द सिस्टरनाही वाचता येत नसे, म्हणून पत्र मीच लिहायची. ठकूबाय दारात येऊन बसली. "लिवा बाई, काय बी येत न्हाय म्हनून."

"खोटं न्हाय लिहायचं," सिस्टर म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, "लिही, टीचर, पाठीवर पोहाया येत न्हाय. ते खरंच हाय."

मी लिहिलं. मदरचं उत्तर आलं एका ओळीचं: 'अपुरं शिक्षण सोडू नये. घाई नको.'

पुढच्या वर्षी पाठीवरचं पोहणं जमलं होतं. सिस्टरनी विचार करून सांगितलं, "लिही, बुडी मारून तळाची शिंपली काढाया येत न्हाय." उत्तर तेच: 'घाई नको.' तिसऱ्या वर्षी एका कुशीवर पोहणं राहिलं होतं. चौथ्या वर्षी उडी.

पाचव्या वर्षी मात्र पंचाईत झाली. दुपारभर आम्ही तिघी बांधावर बसलो. सिस्टर बोटांवर मोजत होत्या आणि मोजलेलं प्रत्येक त्यांना येत होतं. त्यांचा चेहरा उतरत चालला. दवाखान्यापुढे हात धुवायला माणसं थांबली होती. ठकूबायच्या जावेची पोर, आता सात वर्षांची, तळ्यात माशासारखी सुळसुळत होती.

"आता काय उरलं, टीचर?"

 ठकूबायने मान वळवून बांधापलीकडे पाहिलं. भरती लागली होती. पलीकडचा काठ धुरकट दिसत होता, माणसं मुंगीएवढी.

"खाडी!" ती म्हणाली.

सिस्टर ताडकन उभ्या राहिल्या. "लिही," त्या म्हणाल्या. "खाडी पार कराया येत न्हाय."

मी तिथेच मांडीवर कागद ठेवून लिहिलं आणि त्यांनी ओल्या हाताने सही केली. त्यानंतर दर वर्षी मी तेच वाक्य लिहीत गेले आणि मदर तेच उत्तर पाठवत गेल्या. बाकी सगळं पोहणं सिस्टरना येत होतं. पण ती खाडी त्यांनी कधीच पोहून पार केली नाही. नुसता प्रयत्नसुद्धा केला नाही.